उकाडा किनाऱ्याला आणि वळीव घाटपायथ्याला, असे का होते?

कातळसडा (९ मे, रात्री ९.४०)

सर्व सभासदांना नमस्कार. मी देवगड तालुक्यात सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावरच्या, एका गावात राहतो. घरापासून समुद्र चार किलोमीटरांवर आहे आणि पूर्वेला सह्याद्रीची कड सरळ रेषेत जेमतेम पन्नास किलोमीटरांवर आहे. गेले पाच दिवस येथे उकाडा सहन होण्यापलीकडे गेला आहे. दुपारी पारा ३४ अंशांच्या पुढे जात नाही, परंतु पहाटे तीन वाजतासुद्धा पंख्याखाली अंग घामाने भिजलेले असते, मिठाच्या बरणीला पाणी सुटते आणि सकाळी दोरीवर घातलेले कपडे दिवेलागणीलाही दमटच हाताला लागतात.

रोज दुपारी अडीचच्या सुमारास पूर्वेकडे घाटावर पांढरे ढग रचले जाऊ लागतात. चार वाजेपर्यंत त्यांचा डोंगर होतो आणि अंधार पडल्यावर त्या बाजूला विजा लवताना दिसतात, मात्र गडगडाट ऐकू येत नाही. नऊच्या पुढे सारे शांत होते. घाटाच्या पायथ्याशी वैभववाडीजवळ राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या घरी याच पाच दिवसांत तीन वेळा वळीव कोसळला आहे आणि आमच्याकडे एक थेंबही पडलेला नाही. वडीलधारी माणसे म्हणतात की उकाडा इतका वाढला म्हणजे पाऊस येणारच. पाच दिवस तो वाढतोच आहे.

मी हे केवळ कुतूहलापोटी विचारत नाही. शेवटच्या तोडणीचा हापूस अजून झाडावर आहे, अंगणात आमसुले वाळत आहेत आणि घराची अर्धी कौले परतण्यासाठी उतरवलेली आहेत. पाऊस येणार असल्याचे तासभर आधी कळले तरी पुष्कळ काही वाचवता येईल. ज्यांना या विषयातले समजते त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

घाटपायथा (९ मे, रात्री १०.१५)

आपल्या बहिणीच्या परिसरातच माझे घर आहे, म्हणून येथील क्रम जसा दिसला तसा सांगतो. दुपारी दोनपर्यंत ऊन कडक असते आणि पश्चिमेचा वारा चालू असतो. अडीच-तीनला घाटाच्या कडेवर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग वर चढताना दिसतात आणि त्यांची कड रेखीव असते. चारच्या सुमारास वारा अकस्मात पडतो, झाडाचे पानही हलत नाही, आणि हाच अर्धा तास दिवसातला सर्वांत कोंदट असतो. नंतर पूर्वेकडून थंड वाऱ्याचा लोट धूळ आणि पालापाचोळा घेऊन येतो आणि पाच-सात मिनिटांत टपोरे थेंब सुरू होतात. पाऊस वीस मिनिटे ते पाऊण तास टिकतो. परवा तारांवर फांदी पडल्यामुळे वीजपुरवठा पाच तास बंद होता.

पर्जन्यमापक (१० मे, सकाळी ७.३०)

धागाकर्त्यांनी विचारलेला प्रश्न कोकणाच्या हवामानातला एक मर्माचा प्रश्न आहे. मी हवामानशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि गेली बारा वर्षे घरी पर्जन्यमापक ठेवून नोंदी करतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम उकाड्याविषयी. ३४ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते तो अंश, साडेसव्वीसच्या आसपास असतो. अशा एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाण्याची वाफ असते. अकोल्यात पारा ४४ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्क्यांवर असते तेव्हा तेथील एका घनमीटर हवेत जेमतेम ९ ग्रॅम वाफ असते. म्हणजे किनाऱ्यावरची हवा दहा अंशांनी कमी तापलेली असूनही तिच्यात अडीच पटींहून अधिक पाणी भरलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत अरबी समुद्राचा पृष्ठभाग ३० अंशांच्या आसपास तापतो आणि हे पाणी तेथूनच येते. घाम वाळत नाही तो याच कारणाने, आणि ढगाला लागणारे इंधनही हीच वाफ असते.

परंतु इंधन असले म्हणजे चूल पेटतेच असे नाही. गडगडाटी ढग तयार होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. खालच्या थरात भरपूर बाष्प असावे लागते, वरच्या थरातील हवा इतकी थंड असावी लागते की खालून वर आलेला हवेचा पुंजका सभोवतीच्या हवेपेक्षा उबदार राहून आपोआप वर चढत जाईल, आणि त्या पुंजक्याला सुरुवातीचा रेटा देणारे काहीतरी असावे लागते. आपल्या गावात पहिली गोष्ट विपुल आहे आणि दुसरी बहुधा आहे. अडचण तिसरीची आहे.

दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे वाहू लागतात. ते दमट असतात, पण जमिनीवरच्या हवेपेक्षा थोडे थंडही असतात. त्यामुळे किनाऱ्यावर काहीशे मीटर जाडीचा थंड हवेचा थर पसरतो आणि त्यावर उबदार हवा बसते. पातेल्यावर झाकण ठेवावे तशी ही स्थिती असते. खालची दमट हवा ते झाकण भेदून वर जाऊ शकत नाही, म्हणून आपल्याला आकाश पांढुरके, वारा खारट आणि उकाडा न हटणारा जाणवतो. हीच हवा पूर्वेकडे सरकत जाते, वाटेत तापते आणि घाटाच्या भिंतीवर आदळते. सहाशे ते हजार मीटर उंचीचा तो चढ तिला वर ढकलतो. त्यात देशाकडून, म्हणजे घाटमाथ्यापलीकडच्या पठारावरून, कोरडे, तापलेले वारे कडेपाशी येऊन भिडतात. एकाच ठिकाणी दोन्ही रेटे मिळतात आणि ढगांचा डोंगर तेथेच उभा राहतो. थोडक्यात, ज्या खाऱ्या वाऱ्याने आपल्याकडचा पाऊस अडवला तोच वारा आपल्याकडचे बाष्प वाहून नेऊन आपल्या बहिणीच्या अंगणात पाऊस पाडतो.

या ढगांची उंची पुष्कळदा १२ ते १६ किलोमीटरांपर्यंत जाते आणि त्यांत मोकळी होणारी ऊर्जा कल्पनेपलीकडची असते. एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. दहा चौरस किलोमीटरांच्या टापूत ३० मिलिमीटर पाऊस पडला असे धरले, तर ते ३० कोटी लिटर पाणी होते आणि ते ढगात तयार होताना सुटलेली उष्णता विजेच्या हिशेबाने सुमारे २० कोटी युनिट भरते. कोयनेचा १,९६० मेगावॉटचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने सलग चार दिवसांहून अधिक चालवला तर इतकी वीज तयार होईल. घाटपायथा यांच्याकडे वीस मिनिटांत जे कोसळते त्यामागे एवढा पसारा असतो.

आता तो पाऊस किनाऱ्यापर्यंत कधी येतो हे पाहू. जमिनीपासून तीन ते पाच किलोमीटर उंचीवर वारा पूर्वेकडून असला, तर ढग पश्चिमेकडे वाहून येतात. तो ताशी २० किलोमीटर वेगाचा असेल तर पन्नास किलोमीटरांना अडीच तास लागतील. पण एका सुट्या गडगडाटी ढगाचे आयुष्यच अर्धा ते एक तास असते, म्हणून घाटावर दिसणारा तो ढग स्वतः देवगडला कधीच पोहोचत नाही. पडणाऱ्या पावसाने थंड झालेली हवा ढगाखाली जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. घाटपायथा यांनी लिहिलेला पूर्वेचा थंड लोट तो हाच. हा लोट पुढच्या दमट हवेखाली पाचरीसारखा घुसतो, तिला वर उचलतो आणि तेथे नवा ढग जन्मतो. त्याच्या पावसातून पुन्हा लोट सुटतो. असे दोन-तीन वेळा घडले आणि शेवटचा लोट किनाऱ्याकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला नेमका आडवा आला, तरच आपल्या सड्यावर वळीव कोसळतो. या साखळीतली एक कडी तुटली की पाऊस कणकवलीच्या अलीकडे विरून जातो. पाच दिवस आपल्याकडे हेच घडत असावे.

विजा दिसतात पण आवाज येत नाही, याचेही उत्तर त्यातच आहे. अंधारात उंच ढगातली वीज पन्नास-साठ किलोमीटरांवरूनही दिसते, मात्र गडगडाट साधारण १५ ते २० किलोमीटरांपलीकडे ऐकू येत नाही.

कातळसडा (१० मे, सकाळी ८.०५)

आपले मनापासून आभार. इतकी वर्षे मी खाऱ्या वाऱ्याकडे केवळ उकाड्यावरचा उतारा म्हणून पाहत होतो. आता एवढेच विचारतो की, वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यात मग काहीच तथ्य नाही का? आणि आपण सांगितलेली साखळी आज जुळणार की नाही, हे घरी बसून कशावरून ओळखावे?

पर्जन्यमापक (१० मे, सकाळी ८.५०)

तथ्य अर्धे आहे. उकाड्यावाचून वळीव येत नाही, परंतु उकाडा आहे म्हणून वळीव येईल असे म्हणता येत नाही.

ओळखण्यासाठी दोन गोष्टी बघाव्यात. दुपारी तीननंतर घाटावरच्या ढगाचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरू लागला की तो कोणत्या दिशेला पसरतो हे पाहावे. तो पश्चिमेकडे, म्हणजे आपल्या डोक्याकडे ओढला जात असेल तर अगदी वरचा वारा पूर्वेचा आहे, आणि बहुधा ढगांना वाहून नेणारा मधल्या थरातला वाराही त्याच दिशेचा असतो. माथा पूर्वेकडे जात असेल तर त्या दिवशी आशा कमी. दुसरे म्हणजे, संध्याकाळी खारा वारा नेहमीपेक्षा लवकर पडला आणि पूर्वेकडे खालच्या बाजूला काळसर, कमानीसारखी ढगांची ओळ दिसू लागली, तर आपल्या हाती अर्धा तास आहे असे समजावे.

याशिवाय भारतीय हवामान विभागाचा तीन तासांचा जिल्हावार अंदाज आणि पणजीच्या डॉप्लर रडारचे चित्र, ही दोन्ही विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. जिल्ह्याचा पिवळा किंवा नारिंगी इशारा पाहून 'आमच्या गावात पडला नाही, म्हणजे अंदाज चुकला' असे पुष्कळ जण म्हणतात. ते मला न्याय्य वाटत नाही. दहा किलोमीटर रुंदीचा ढग सकाळी अस्तित्वातच नसतो. तो कोणत्या वाडीवर जन्मेल हे सकाळी सांगणे आज कोणालाही शक्य नाही. दुपारनंतर मात्र रडारवर तो जन्मलेला दिसतो, आणि तेव्हा सलग तीन-चार चित्रे पाहून तो कोणीकडे सरकतो आहे हे आपल्यालाही कळते.

तिसरा किनारा (१० मे, सकाळी ११.२०)

मी मूळची वेंगुर्ल्याची. गेली नऊ वर्षे अमेरिकेत फ्लोरिडातील टँपा येथे राहते. पर्जन्यमापक यांचे वर्णन वाचताना मला येथील जून ते सप्टेंबरचे दिवस आठवले. येथे डोंगर मुळीच नाहीत, पण हे द्वीपकल्प अरुंद असल्यामुळे पश्चिमेकडून मेक्सिकोच्या आखाताचे आणि पूर्वेकडून अटलांटिकचे, असे दोन खारे वारे समोरासमोर येतात. ते जेथे भिडतात तेथे रोज दुपारी गडगडाटी ढग उभे राहतात. वरचा वारा पूर्वेचा असेल त्या दिवशी ही भिडंत आमच्या बाजूला सरकते आणि संध्याकाळी टँपाला झोडपते. वारा पश्चिमेचा असेल तर पाऊस पलीकडच्या किनाऱ्याला जातो. कोकणात एका बाजूचे काम घाट करतो, एवढाच फरक मला जाणवतो.

येथे मैदानावर मुलांचे सामने चालू असताना गडगडाट ऐकू आला की खेळ तत्काळ थांबवतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे उलटल्यावाचून कोणालाही मैदानात जाऊ देत नाहीत. ही शिस्त आपल्या गावांतही यावी असे मला फार वाटते.

रायवळ (१० मे, रात्री ८.३०)

मी रत्नागिरी तालुक्यातील बागायतदार आहे. पावसाचे शास्त्र येथे आलेच आहे, तर तो आला म्हणजे बागेत काय होते हे सांगतो, कारण शहरातील अनेक मंडळी वळवाकडे केवळ गारवा म्हणून पाहतात.

पक्व होत आलेल्या फळाला वळवाचे तीन मार लागतात. पहिला वाऱ्याचा. तासाभरात झाडाखाली फळांचा सडा पडतो आणि खाली आपटलेले फळ पेटीत भरता येत नाही. ते कॅनिंगला पडत्या भावाने जाते. दुसरा मार ओलाव्याचा. फळावर पाणी राहिले आणि हवा दमट असली की करपा हा बुरशीचा रोग वाढतो. तोडणीच्या वेळी फळ स्वच्छ दिसते आणि आढीत ठेवल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी देठापासून काळे डाग पसरू लागतात. गिऱ्हाइकाने पेटी उघडल्यावर जो आंबा खराब निघतो, त्यातील पुष्कळांचे मूळ आठवड्यापूर्वीच्या अर्ध्या तासाच्या पावसात असते. तिसरा मार फळमाशीचा. पावसानंतर तिचा उपद्रव झपाट्याने वाढतो, म्हणून आम्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेले रक्षक सापळे एप्रिलपासूनच टांगून ठेवतो.

कातळसडा यांना माझा सल्ला असा की, पावसाची चिन्हे दिसताच घाईने कोवळा आंबा उतरवू नये. तयार फळ तेवढे सकाळच्या वेळी झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासह काढावे. पाऊस झालाच तर दुसऱ्या दिवशी झाडे कोरडी झाल्याशिवाय तोडणी करू नये, आणि ओले फळ कोणत्याही परिस्थितीत आढीत घालू नये. आमसुलांच्या बाबतीत तर दयामाया नाही. रसाचे पूट देऊन तीन-चार उन्हे दाखवलेली साले एकदा पावसात भिजली की त्यांना बुरशी धरते आणि सारी मेहनत वाया जाते. ती अंगणात पसरण्याऐवजी दोघांना उचलता येतील अशा चटयांवर वाळवावीत.

२०२५ चा मे महिना आम्ही विसरू शकत नाही. कोकणात पाऊस महिन्याच्या उत्तरार्धात जो सुरू झाला तो थांबलाच नाही. शेवटचा आंबा, काजू, कोकम, फणसपोळी, सुकत घातलेली मासळी, यांपैकी काहीच धड हाती लागले नाही.

पर्जन्यमापक (१० मे, रात्री ९.१०)

रायवळ, २०२५ मध्ये जे झाले ते वळवापेक्षा वेगळे होते. त्या वेळी कोकण किनाऱ्यालगत अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आणि मोसमी वारेही त्याच सुमारास पुढे सरकले. केरळात २४ मे, देवगडपर्यंत २५ मे आणि मुंबईत २६ मे, अशा त्यांच्या आगमनाच्या तारखा होत्या. मुंबईची सरासरी तारीख ११ जून आहे, म्हणजे ते सोळा दिवस आधी आले. वळीव संध्याकाळी येऊन रात्री आकाश मोकळे करतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन देतो, म्हणून त्याच्याशी जुळवून घेता येते. सलग आठ दिवसांच्या पावसाशी कसे जुळवून घेणार? आपले नुकसान मोठे होते, याची मला कल्पना आहे.

लोकलप्रवासी (११ मे, सकाळी ९.००)

थंड लोटाविषयी वाचून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १३ मे २०२४ रोजी दुपारी मुंबईत धुळीचे वादळ आले, तेव्हा मी घाटकोपर स्थानकात होतो. पाऊस नंतर आला. आधी पिवळट अंधार, मग धुळीची भिंत आणि असा वारा की फलाटावरच्या माणसांना खांब धरून उभे राहावे लागले. त्याच वाऱ्यात घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर अवाढव्य जाहिरात फलक कोसळला आणि त्याखाली सापडून १७ जणांचा मृत्यू झाला. पावसापासून आडोसा घेण्यासाठी माणसे जेथे थांबतात तेच ठिकाण वाऱ्याने जीवघेणे होऊ शकते, हे मी त्या दिवशी पाहिले. तो वारा म्हणजे आपण म्हणता तो लोटच का?

पर्जन्यमापक (११ मे, सकाळी ९.४०)

होय, तोच. गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी थंड हवा पावसाच्या पुढे धावते, आणि जमीन कोरडी असली की धूळ उचलते. म्हणून पहिला थेंब पडेपर्यंत वाट पाहणे चुकीचे ठरते. वारा फिरला आणि अकस्मात गार झाला, त्याच क्षणी फलक, जुनी झाडे, बांधकामाचे परांचे आणि सैल पत्रे यांपासून दूर व्हावे.

ओटी-पडवी (११ मे, दुपारी ४.१५)

मी सावंतवाडी तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. या धाग्यावर विजेविषयी अजून फारसे आलेले नाही, आणि माझ्यासाठी तोच भाग सर्वांत जवळचा आहे.

अठरा वर्षांपूर्वी मे महिन्यातच आमच्या वाडीतले एक काका गुरे घेऊन परतत असताना पाऊस आला म्हणून जांभळीच्या झाडाखाली थांबले. वीज झाडावर पडली. दोन गाई जागीच गेल्या आणि काका खाली कोसळले. आम्ही धावत गेलो, पण कोणीतरी ओरडले की अंगात वीज आहे, हात लावू नका, आणि सारे जण आठ-दहा पावले दूर उभे राहिलो. बराच वेळ तसा गेला. पुढे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी सांगितले की वीज पडलेल्या माणसाच्या शरीरात वीज साठून राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो, आणि श्वास थांबलेला असला तर छातीवर दाब देणे तत्काळ सुरू करायला हवे. काका वाचले असते की नाही हे कोणी सांगू शकत नाही. परंतु आम्ही त्यांना ती संधी दिली नाही, आणि हे माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून दर वर्षी सुट्टी लागण्याआधी मी मुलांना हा एक धडा पुस्तकाबाहेरचा शिकवते.

आमच्याकडे विजा चमकू लागल्या की लोखंडी कोयता अंगणात टाकण्याची जुनी पद्धत होती. त्याने काही होते का, आणि मोबाइलमुळे वीज ओढली जाते असे जे म्हणतात ते खरे आहे का, हे जाणकारांनी सांगावे. पालक मला विचारतात.

पर्जन्यमापक (११ मे, रात्री ८.००)

बाई, आपण हे लिहिलेत याबद्दल मी कृतज्ञ आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे मृत्युमुखी पडली. यांत उघड्यावर काम करणारे शेतकरी, मजूर आणि गुराखी पुष्कळ असतात.

मे महिन्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी जमिनीपासून सुमारे पाच किलोमीटर उंचीवर असते. त्याच्या वर ढगात बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारांचे कण एकमेकांवर आदळतात आणि त्या घर्षणातून विद्युतभार वेगळे होतात. जड कण ऋण भार घेऊन खाली राहतात, हलके स्फटिक धन भार घेऊन वर जातात. हा ताण हवेला पेलवेनासा झाला की वीज पडते. तिच्या वाटेतली हवा क्षणार्धात ३० हजार अंशांच्या आसपास तापते, स्फोटासारखी फुगते, आणि तोच गडगडाट. ज्या उंचीवर हा खेळ चालतो तिच्यापुढे अंगणातला कोयता किंवा खिशातला मोबाइल यांची काहीच किंमत नाही. दोन्हींमुळे वीज ओढलीही जात नाही आणि टळतही नाही. तारेने भिंतीला जोडलेला फोन, चार्जिंगला लावलेला मोबाइल, नळ आणि धातूच्या खिडक्या यांपासून मात्र दूर राहावे, कारण घरावर किंवा तारांवर वीज पडली तर ती त्या वाटांनी आत येते.

झाडाखाली मृत्यू होतो तो बहुतेकदा वीज थेट अंगावर पडून होत नाही. खोडातून उतरणारी वीज बाजूच्या माणसाकडे उडी घेते किंवा मुळांपाशी जमिनीतून पसरते. जमिनीतून पसरताना दोन पायांमधल्या अंतरामुळे ती एका पायाने शिरून दुसऱ्याने बाहेर पडते. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये अंतर जास्त असल्यामुळे ती अधिक दगावतात. पक्के घर किंवा पूर्ण बंद असलेली, पत्र्याच्या टपाची मोटार, हीच खरी आडोशाची ठिकाणे. शेतातली उघडी पत्र्याची शेड, बसथांबा किंवा देवळाचा मोकळा मंडप पाऊस अडवतो, वीज अडवत नाही. सड्यावर तर आसपास झाडही नसते आणि उभा माणूस हीच सर्वांत उंच वस्तू ठरते. तेथे सापडलात तर पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे मुळीच पडू नये, आणि संधी मिळताच घर गाठावे.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरांत मिळते. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आपण धोक्याच्या टापूत आहोत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप आपल्या सभोवती २० आणि ४० किलोमीटरांत पडणाऱ्या विजांची सूचना देते. पालकांना ते आवर्जून घ्यायला सांगावे.

मिरगाची वाट (१२ मे, सकाळी ७.१५)

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्या आजोबांच्या मते वळीव चांगला झाला की मिरगाचा, म्हणजे मृग नक्षत्राचा, पाऊसही वेळेवर येतो. दुसरे असे की, जुलैत धो धो पाऊस असूनही विजा क्वचितच दिसतात. बाष्प तर तेव्हा अधिक असते, मग असे का?

पर्जन्यमापक (१२ मे, सकाळी ८.२०)

आजोबांच्या निरीक्षणाचा आदर ठेवून सांगतो की वळीव आणि मोसमी पाऊस यांच्यात भरवशाचा संबंध दिसत नाही. वळीव स्थानिक तापमानातून जन्मतो, तर मोसमी वारे विषुववृत्तापलीकडून येतात. माझ्या बारा वर्षांच्या नोंदींत भरपूर वळवानंतर कोरडा जून आणि वळीव नसताना वेळेवर मिरग, असे दोन्ही प्रकार आहेत.

जुलैविषयी आपले निरीक्षण अचूक आहे. तेव्हा जमीन तापलेली नसते आणि हवा खालपासून वरपर्यंत सारखीच ओलसर असते, म्हणून वर चढणाऱ्या हवेला जोर नसतो. घाटाला अडून पडणारा पुष्कळसा पाऊस कमी उंचीच्या ढगांतून येतो, आणि त्यांत बर्फाच्या कणांची ती घुसळण पुरेशी होत नाही. हस्त नक्षत्राच्या सुमारास पूर्वेचे वारे पुन्हा सुरू होतात, दुपारी ऊन पडते आणि विजाही परत येतात.

कातळसडा (१४ मे, रात्री ११.०५)

आज साखळी जुळली. सर्वांनी सांगितल्याप्रमाणे वेळा टिपून ठेवल्या आहेत, त्या येथे नोंदवतो.

दुपारी ३.१० वाजता घाटावरच्या ढगाचा माथा पसरू लागला आणि या वेळी तो पश्चिमेकडे, आमच्या बाजूला ओढला जात होता. गेल्या आठवड्यात मी तिकडे लक्षच दिले नव्हते. घाटपायथा यांचा चार वाजता निरोप आला की त्यांच्याकडे सुरू झाला आहे. रडारच्या चित्रात ५.१५ ला कणकवलीच्या पश्चिमेस नवा ढग दिसला, जो आधीच्या चित्रात नव्हता. ५.४० ला खारा वारा पडला. आम्ही आमसुलांच्या चटया माजघरात घेतल्या आणि उघड्या आढ्यावर दोन ताडपत्र्या बांधून त्यावर दगड ठेवले. तयार आंबा सकाळीच उतरवला होता. साडेअकरा पेट्या भरल्या.

६.२५ ला पहिला गडगडाट ऐकू आला. वीज आणि आवाज यांत ४२ सेकंद होते, म्हणजे १४ किलोमीटर. शेजारची दोन मुले सड्यावर क्रिकेट खेळत होती, त्यांना हाक मारून घरात बोलावले. ६.४० ला पूर्वेचा गार लोट आला आणि ६.४८ ला पाऊस. सर्वांत जवळच्या विजेला मी चार सेकंद मोजले. ७.२० ला पाऊस थांबला, शेवटचा गडगडाट ७.३५ ला झाला, आणि आम्ही ८.०५ नंतरच अंगणात पाऊल टाकले. सरळ बाजूंच्या डब्यात पट्टीने मोजले तेव्हा २२ मिलिमीटर पाणी भरले होते. झाडावर उरलेल्यांपैकी तीनेक पेट्यांचा आंबा खाली पडला आहे.

पर्जन्यमापक, आपल्याला एक विचारायचे राहिले. पाऊस थांबल्यावर दहा-बारा मिनिटे वारा पश्चिमेकडून आला, तोही थंड होता आणि त्याला समुद्राचा वास नव्हता. हा कोणता वारा समजावा?

पर्जन्यमापक (१५ मे, सकाळी ६.५०)

आपल्या नोंदी उत्तम आहेत, विशेषतः ५.१५ ची. पश्चिमेच्या वाऱ्याचे कारण बहुधा असे की ढग आपल्या डोक्यावरून पुढे समुद्रावर गेला आणि त्याचा लोट मागे वळून आपल्याकडे आला. ती हवा वरच्या थरातून पावसाबरोबर खाली आलेली असल्यामुळे तिला खारा वास नव्हता. आज सकाळी माझ्याकडे तापमान २४ अंश आहे. आपल्याकडचे सकाळचे तापमान आणि दुपारी खारा वारा किती वाजता सुरू होतो, हे आज टिपून ठेवावे. जमीन भिजल्यामुळे तो थोडा उशिरा सुरू होईल असा माझा अंदाज आहे, तो बरोबर निघतो का ते पाहू.